हेल्मी लाह्तीच्या एकवीस बाहुल्या

तो हॉलच्या दाराशी आला तेव्हा बाहेर पावसात बर्फ मिसळलेलं होतं. त्याच्या दोन्ही हातांत मिळून बाहुल्यांची पाच खोकी होती आणि त्यांच्यावर न्हाणीघराचा पडदा पांघरलेला होता. पडद्यावर पिवळी बदकं होती.

"दार धरता का जरा?" तो म्हणाला. "मी भिजलो तरी चालेल. या बायकांना चालत नाही."

मी दार धरलं. "किती आहेत?"

"एकवीस. बाकीच्या गाडीत बसल्यात. हीटर लावून ठेवलाय."

"हीटर?" मी जवळजवळ ओरडलेच. "आधी बंद करा तो! उष्णतेने खोक्याची पारदर्शक खिडकी वाकडी होते."

"हो का..." त्याने खोकी माझ्या हातात दिली आणि तसाच पावसात परत फिरला. जाता जाता म्हणाला, "मला वाटलं, थंडी वाजत असेल त्यांना."

नोव्हेंबरचा दुसरा शुक्रवार होता तो. दुसऱ्या दिवशी आमच्या सुपीरिअर गावातल्या बाहुली-मंडळाचा वार्षिक बाजार होता. दरवर्षी नाताळच्या आधी 'सणाची नोएला' म्हणून एक नवी बाहुली निघते, घोळदार झग्यातली, केसांत चमकी माळलेली. ती घ्यायची आणि खोकं न उघडता कपाटात ठेवायची, अशी संग्राहकांची रीत. एकदा उघडलेली नोएला अर्ध्या किमतीलाही कोणी घेत नाही. म्हणून आमच्या बाजारात प्रत्येक खोकं आधी माझ्या टेबलावर येतं. मी ते तपासते आणि खोक्याला घातलेल्या कागदी पट्ट्यावर रंगीत ठिपका लावते. हिरवा म्हणजे कधीच न उघडलेली. पिवळा म्हणजे उघडलेली. सात वर्षं मी हे काम करत होते आणि माझ्या हिरव्या ठिपक्यावर मिनियापोलिसचे लोकही डोळे झाकून विश्वास ठेवत.

त्याने एकवीसही खोकी आणून टेबलावर रचली आणि समोर खुर्ची ओढून बसला. बसायची गरज नव्हती. लोक खोकी ठेवून कॉफी प्यायला जातात.

"तुम्ही नक्की बघता काय?" त्याने विचारलं.

"लबाडी."

"बाहुल्यांची?"

"माणसांची. बाहुल्या बिचाऱ्या काय लबाडी करणार?"

"मग माझ्याकडे बघा ना. त्यांच्याकडे काय बघताय?"

मी बघितलं. रापलेला चेहरा, ओले केस, डाव्या भुवईवर जुना व्रण, आणि डोळे मात्र महिनाभर न झोपलेल्या माणसाचे. तो हसत होता, पण डोळ्यांपर्यंत काही पोचत नव्हतं.

त्याचं नाव कर्टिस लाह्ती. वय तेहतीस. लोहखनिज वाहून नेणाऱ्या जहाजावर तो सुकाणू धरायचा. मार्चअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत मोठ्या सरोवरांच्या पाण्यावर, मग आमचं सुपीरिअर सरोवर गोठलं की आईच्या घरी. त्याची आई हेल्मी ऑक्टोबरात गेली. तो क्लीव्हलंडहून निघाला आणि दफनाच्या दिवशी सकाळी पोचला. हे सगळं त्याने हवामान सांगावं तसं सांगितलं. मी एकेक खोकं उचलत होते, उलटं करत होते, ठिपका लावत होते.

"ही अठ्ठ्याऐंशी सालची," तो म्हणाला. "पहिली. बारा वर्षांचा होतो मी. आई दुकानाच्या काचेसमोर थांबली होती. माझी आई कधीच कशासमोर थांबायची नाही हो. त्या दिवशी थांबली. म्हणून सकाळी पेपर टाकून टाकून घेतली. मग पडलीच सवय."

"आणि ही चंदेरी झग्यातली?"

"ही डुलुथच्या धक्क्यावरून पाठवली. अख्ख्या जहाजाने मला विचारलं, लग्न कधी?"

मी हसले. "काय सांगितलंत?"

"म्हटलं, मुलगी खोक्यातून बाहेर येईना."

हिरवा ठिपका. पुढचं खोकं.

"आईंना आवडायच्या?" मी विचारलं.

त्याने रचलेली खोकी उगाच सरळ केली. "काय माहीत... नाताळला फोन करायचो. 'मिळाली का गं?' 'मिळाली. छान आहे.' संपलं. एकही तिने उघडली नाही. बघा ना तुम्हीच. एकवीस वर्षं मी तिला पुठ्ठ्याची खोकी दिली म्हणायची."

"संग्राहक उघडत नाहीत."

"माझी आई संग्राहक नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायची."

मी पुढचा ठिपका लावला. एकवीस खोक्यांवर एकवीस हिरवे ठिपके लागले. एरवी एवढ्या खोक्यांना मला दीड तास लागतो. त्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. घड्याळ समोरच होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

शुक्रवार असल्यामुळे शेजारच्या खानावळीत तळलेले मासे होते. "तुमची मेहनत झाली, माझी भूक," तो म्हणाला. "दोन्हींचा हिशेब एका ताटात होईल." आम्ही गेलो. कोबीची कोशिंबीर, राईचा पाव, त्याच्यापुढे ब्रँडी. तिथेच मला कळलं की मिनियापोलिसच्या मिसेस केलर एकवीसही नोएला एकगठ्ठा घेणार आहेत, सगळ्यांना हिरवा ठिपका असेल तर. घराच्या किल्ल्या त्याने आधीच देऊन टाकल्या होत्या. सोमवारी तो टेक्ससला निघणार होता.

"टेक्सस? तिथे काय?"

"तेलाची जहाजं. खारं पाणी. तिथे जानेवारीत काही गोठत नाही, नॉरीन. बारा महिने पाण्यावर. घरी यावंच लागत नाही."

त्याने माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं... आणि नेमकं त्याच वाक्यात. मी माशावर लिंबू पिळत राहिले.

"परत कधी?" मी विचारलं.

"परत कशाला? उद्या ती खोकी गेली की या गावात माझं काही उरत नाही." मग माझ्याकडे बघून तो थांबला. "म्हणजे... कालपर्यंत तरी उरत नव्हतं."

"आणि आज?"

"आज मासे चांगले आहेत," तो म्हणाला. या वेळी हसू डोळ्यांपर्यंत पोचलं आणि माझं काम तमाम झालं.

शनिवारी मी साडेसातलाच हॉलवर पोचले. बाजार नऊला उघडणार होता. पाऊस थांबला होता. पूर्वेच्या खिडकीतून आडवा, फिका उजेड कर्टिसच्या टेबलावर पडला होता. आदल्या दिवशी आम्ही ट्यूबलाइटखाली बसलो होतो. आता उजेड बाजूने येत होता आणि चंदेरी नोएलाच्या मनगटाशी काहीतरी पांढरं दिसत होतं.

कारखान्यात बाहुलीला मागच्या पुठ्ठ्याशी बांधतात ते पारदर्शक नायलॉनने. ते दिसत नाही. हा साधा सुती दोरा होता, शिवणाचा, मेण लावलेला.

मी खोकं उचललं. खालच्या झडपेवरून नख फिरवलं. झडप उघडून पुन्हा चिकटवलेली होती, इतक्या सफाईने की बोटांनी बघणाऱ्या आंधळ्यालाच कळावं, किंवा ज्याचं लक्ष आहे त्याला. झग्याचा घेर जरा जास्तच फुगलेला होता. दुसरं खोकं घेतलं. सुती दोरा. तिसरं. सुती दोरा. सहाव्यानंतर मी बघायचं थांबवलं आणि खुर्चीवर बसले.

गप्प बसले असते तर? मिसेस केलर माझ्या ठिपक्यावर खोकी घेऊन गेल्या असत्या. त्या ती उघडणार नव्हत्याच. कधीच कोणाला कळलं नसतं. कर्टिस सोमवारी गेला असता, आई आपल्या भेटींकडे बघतही नव्हती असं मनाशी धरून. आणि बोलले तर व्यवहार मोडणार, आणि त्याला वाटणार की मी त्याला अडवायला मोडला. काहीही केलं तरी तो मला मिळत नव्हता. हे एकदा नीट कळल्यावर निर्णय सोपा झाला. मी एकवीसही पट्ट्यांवरचे हिरवे ठिपके काढले आणि पिवळे लावले.

तो साडेआठला आला, दोन कॉफ्या घेऊन. पिवळे ठिपके बघून कॉफ्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"उघडलेल्या आहेत. काल माझी चूक झाली."

"काल हिरवा, आज पिवळा." त्याचा आवाज खाली गेला. "मध्ये काय झालं, नॉरीन? मी सोमवारी जातोय हे कळलं, एवढंच ना?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्ष व्हर्नाबाई आल्या. त्यांच्यामागे फरची कॉलर लावलेल्या मिसेस केलर, अर्धा तास आधीच. व्हर्नाबाईंनी एक खोकं उचललं, उजेडात धरलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"सुती दोरा. हे तर माझ्या नातवालाही दिसेल. अगं, सात वर्षांत तुझी एक चूक नाही, आणि आज एकदम एकवीस? झालं काय तुला? डोळ्यांना काही झालंय का?"

मिसेस केलर माझ्याकडे बघत होत्या. शेजारच्या टेबलावरचे खोकी लावायचे थांबले. कर्टिसने हाताची घडी घातली होती. खोटं कारण तयार होतं, ट्यूबलाइटचं. अर्धं खरंही होतं ते.

"डोळ्यांना काही नाही, व्हर्नाबाई," मी म्हणाले. "मी दोऱ्यांकडे बघतच नव्हते. यांच्याकडे बघत होते."

हॉलमध्ये कोणीतरी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मिसेस केलरनी पर्स काखेत घेतली, "मग आमचं काही जमणार नाही," असं अगदी सभ्यपणे म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. व्हर्नाबाईंनी चष्मा परत नाकावर घेतला.

"आता उघडा एखादी," मी कर्टिसला म्हणाले. "मी खोटी ठरले तर पूर्ण किंमत माझ्याकडून घ्या."

त्याने खिशातून चाकू काढला आणि चंदेरी नोएलाची झडप कापली. पुठ्ठा बाहेर ओढून उलटा केला. मागे, मनगटांच्या आणि कमरेच्या जागी, तीन छोट्या गाठी होत्या. सारख्या, आवळून मारलेल्या. तो त्या गाठींकडे बघत राहिला.

"ही गाठ मी शिकवली तिला," तो म्हणाला. "पहिल्या वर्षी जहाजावरून परत आलो तेव्हा. स्वयंपाकघरात बसून. कपडे वाळत घालायची दोरी सारखी सुटायची तिची..."

त्याने गाठी कापल्या नाहीत, एकेक सोडवल्या. बाहुली हातात घेतली. खांदे उघडे, पाठ उघडी, चंदेरी झगा. व्हर्नाबाईंनीच झग्याची कड बोटाने वर केली.

आत नोएलाने फ्लॅनेलची लांब विजार घातली होती. घोट्यापर्यंत. वर त्याच कापडाचा पोटापर्यंतचा बनियन, झग्याच्या आत बरोबर लपेल असा. लाल-काळे चौकडे. बारीक, सरळ टाके. इलॅस्टिकसुद्धा घातलेलं.

"अगं बाई," व्हर्नाबाई हळूच म्हणाल्या. "डिसेंबरात उघड्या पायांनी... बघवलं नसेल तिला."

कर्टिसने अंगठ्याने ते कापड चोळलं. "हा माझा शर्ट आहे. दुसऱ्या वर्षीचा. बाही वाफेच्या नळीला लागून जळली होती. फडक्यांना घेते म्हणाली. दरवर्षी माझं काहीतरी घ्यायची... फडक्यांना घेते म्हणायची."

बाहुली छातीशी धरून तो भरल्या हॉलमध्ये उभा राहिला, सहा फुटांचा माणूस. आणि लोक खोक्यांचे भाव विचारत त्याच्या बाजूने जात राहिले. मी त्याच्या दंडाला हात लावला. त्याने तो झटकला नाही. धरलाही नाही.

दुपारी आम्ही खोकी परत गाडीत भरली. या वेळी त्याने हीटर लावला नाही.

"तू मला थांब म्हणाली नाहीस," तो गाडीत बसून म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलं नाही.

"म्हणू?"

त्याने समोरच्या काचेवरून बाही फिरवली. "नको. म्हणालीस तर थांबेन. आणि मग मार्चपर्यंत भाड्याच्या खोलीत बसून आई आठवत राहीन, आणि राग तुझ्यावर काढीन. मी ओळखतो मला."

"मग जा."

"या कुठे ठेवू? जहाजावर कपाट एवढं असतं," त्याने हाताने दाखवलं. "वीतभर."

"माझ्याकडे जागा आहे."

सोमवारी तो गेला. विमानतळावर सोडायला मी गेले नाही. मला काम होतं, आणि काम नसतं तरी गेले नसते. मंडळातही मी व्हर्नाबाईंना सांगितलं की ठिपक्यांचं काम दुसऱ्या कोणाला द्या. त्या नको नको म्हणाल्या, पण फार आग्रह केला नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला.

"उघड एक," कर्टिस म्हणाला. मागे इंजिनाची घरघर होती. "अठ्ठ्याऐंशीची. सांग, आत काय आहे."

मी झडप कापली, गाठी सोडवल्या. "निळं फ्लॅनेल. त्यावर रॉकेटं आहेत."

"रात्रीचा पायजमा," तो लगेच म्हणाला. "सहावीत होतो. गोवर आला होता. आई आठ दिवस कामावर गेली नाही आणि आठ दिवस मला बटाट्याचं सूप पाजलं. अजून तो वास आला की..." तो हसला. आणि मग हसता हसता त्याचा आवाज मोडला. मी फोन कानाशी धरून बसून राहिले.

असा तो हिवाळा गेला. दर रविवारी एक नोएला. एकदा तपकिरी कॉर्डुरॉय निघालं, शाळेच्या वाद्यवृंदातलं. एकदा राखाडी लोकर, बापाच्या जुन्या कोटाची. त्या रविवारी तो फार थोडं बोलला. बाहेर सरोवर किनाऱ्यापासून आत आत गोठत गेलं. दिवस साडेचारला संपायचा. मी फोनच्या बाजूला बसून कापडं वर्णन करायला शिकले: वीण कशी, रंग उडालाय का, कोपराचा भाग आहे की पाठीचा. फेब्रुवारीत एका रविवारी फोन आला नाही. मी खोकं उघडलं नाही. दोन दिवसांनी आला, वादळ होतं म्हणाला. मी म्हटलं, हो का. दोन दिवस मी जेवले नव्हते हे सांगितलं नाही.

मार्चमध्ये एकदा गोष्ट संपल्यावर तो थांबला.

"नॉरीन... त्या दिवशी सगळ्यांसमोर जे म्हणालीस..."

"काय?"

"ते अजून तसंच आहे?"

"तुला काय वाटतं? मी इथे दर रविवारी बाहुल्यांच्या विजारी बघत बसते ती हौस म्हणून?"

तो हसला. पण येतो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

एप्रिलच्या मध्यावर शेवटचं खोकं उरलं. हेल्मीच्या शेवटच्या नाताळचं. हिरवा मखमली झगा. बर्फ फुटून बंदरात मोठाले तुकडे तरंगत होते, आकाश राखाडीच होतं. मी फोन खांद्याशी धरून झडपेला चाकू लावला आणि थांबले. झडप कारखान्याचीच होती. आत दोरा पारदर्शक होता. नायलॉन. त्या शनिवारी सहा खोक्यांनंतर मी बघायचंच सोडून दिलं होतं. एकवीसपैकी हा एक ठिपका मी चुकीचा बदलला होता.

"काय झालं?" तो म्हणाला.

"ही उघडलेली नाहीये, कर्टिस."

"उघड."

मी उघडली. झगा वर केला. "हिच्या पायांत काही नाही. उघडीच आहे."

पलीकडे नुसती घरघर. त्या शेवटच्या हिवाळ्यात हेल्मीचे हात चालत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. त्यालाही तेव्हाच कळलं असावं. त्या जानेवारीत तो घरी होता तेव्हा ती चमचा नीट धरत नव्हती, असं तो हळूहळू, शब्द शोधत सांगू लागला. वय झालं म्हणून त्याने विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं.



"माझ्या अंगात आता एक शर्ट आहे," तो म्हणाला. "हिरव्या चौकड्यांचा. कोपरावर विरलाय. मागची बाजू चांगली आहे अजून."

"पाठव पोस्टाने."

"पोस्टाने नको." श्वास घेतल्याचा आवाज आला. "सतरा तारखेला उतरतो मी ह्यूस्टनला. घेऊनच येतो."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. उघड्या पायांची बाहुली माझ्या हातात होती.

"मला शिवता येत नाही," मी म्हणाले. "आधीच सांगून ठेवते."

"मला येतं," कर्टिस म्हणाला. "तू फक्त बघत बस."